खजूर कोणाचा?

१९ फेब्रुवारी

नोव्हेंबरात माझी बायको झुवेना गेली तेव्हापासून या वहीत एक ओळ लिहिलेली नाही. लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. उठायचं, नमाज पढायचा, चहा उतू जाऊ द्यायचा, तो पुसायचा आणि संध्याकाळ व्हायची वाट बघायची. आज मात्र घडलं. मला काम मिळालं.

हुस्ना आली होती. इथे मोंबासात विद्यापीठात शिकवायचो तेव्हा शेवटच्या बाकावरून शंका काढणारी पोर. मला अजून ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणते. आता बँकेत आहे, बाहेरून माल मागवणाऱ्या व्यापाऱ्यांचं काम बघते. बँक शरियतप्रमाणे चालणारी, व्याज न घेणारी.

“म्वालिमू, किलिंदिनी बंदरात आमच्या गिऱ्हाइकांचे कंटेनर अडकून पडतात. व्याजाने पैसे काढून माल आणणारा जास्त बुडतो की आमचा, हे बँकेला नीट शोधून हवंय.”

“कोणी तरुण माणूस घ्या.”

“तरुणांना घाई असते. शिवाय तुम्हाला घरात बसून—” ती थांबली. तिचं लक्ष ओट्यावरच्या करपलेल्या पातेल्याकडे गेलं होतं. “म्हणजे, तुम्हाला गोदीचा अनुभव आहे.”

मला गोदीचा काडीचा अनुभव नाही. तिच्यावर लेख पुष्कळ लिहिले, ते टेबलापाशी बसून. पण प्रश्न माझ्या आवडीचा आहे. जहाज समुद्रात नुसतं उभं असलं तरी व्याज थांबत नाही. आमच्या पद्धतीत बँक आधी माल स्वतः विकत घेते, त्यावर आपला नफा धरते आणि ठरल्या किमतीला व्यापाऱ्याला विकते. जहाज महिनाभर उशिरा आलं तरी किंमत तीच. म्हणजे उशिराचा मार आमच्या व्यापाऱ्याला कमी बसायला हवा. वर्षानुवर्षं हे मी वर्गात छातीठोकपणे सांगत आलो. खरं आहे की नाही ते तपासलं कधीच नाही.

हो म्हणून टाकलं.

मस्कतहून यासीरचा फोन आला. पहिलाच प्रश्न, “बाबा, काम घेतलंत ना?” मी त्याला आधी कधी सांगितलं ते आठवत नाही. हल्ली विसरतो.

२२ फेब्रुवारी

हुस्नाने एक क्लिअरिंग एजंट माझ्या दिमतीला दिलाय. त्वालिब त्याचं नाव. कस्टमची कागदपत्रं करून लोकांचा माल गोदीतून सोडवून द्यायचा हा त्याचा धंदा. वय चाळीस, पोट साठीचं, तोंड विशीतलं.

सकाळी दाराशी टुकटुक घेऊन हजर. मला वाटलं थेट गोदीवर जायचं. तर हा मला तळलेल्या गोड मांदाझी आणि नारळाच्या दुधातली तूर खायला घेऊन गेला.

“मला भूक नाही,” मी म्हटलं.

“भुकेचा प्रश्नच नाही, म्वालिमू. रिकाम्या पोटी माणसाला गोदीत सोडत नाहीत. विम्याचा नियम आहे.”

असा काही नियम असेल असं वाटलं नव्हतं. लिहून घेतला. मांदाझी गरम होत्या, खाल्ल्या गेल्या.

फाटकावर पहारेकऱ्याने माझ्या पोटाची काही चौकशी केली नाही. त्वालिबची ओळख असावी.

गोदी आतून बघून मात्र जीव दडपला. ज्याला मी आयुष्यभर ‘विलंब’ म्हणत आलो तो इथे डोळ्यांना दिसतो. एकावर एक रचलेला, गंजलेला, उन्हात तापलेला. एका कंटेनरच्या सावलीत ड्रायव्हर लोक चटई टाकून पत्ते खेळत होते. त्यांतला एक म्हणाला, “बसा आजोबा, आमची पाळी आली की उठवतो तुम्हाला.” बसलो थोडा वेळ. हरलो.

२८ फेब्रुवारी

आज बी रिझिकीकडे गेलो होतो. आमच्या मागच्या गल्लीत राहते, खजुराची घाऊक व्यापारी, झुवेनाची मैत्रीण. नवरा वारल्यावर धंदा हातात घेतला असं म्हणतात. झुवेना म्हणायची, तो होता तेव्हाही तिच्याच हातात होता.

रमजानसाठी तिने ओमानहून मऊ खजूर मागवलाय, हुस्नाच्या बँकेतर्फे. मऊ खजूर थंड कंटेनरमध्येच आणावा लागतो. जहाज निघालंय. हुस्ना तिच्याकडे सही घ्यायला आली होती. ‘माल ताब्यात मिळाला’ अशी पोच.

“माल समुद्रात, आणि मी मिळाला म्हणून लिहून देऊ?” बी रिझिकीने विचारलं.

“सगळेच देतात, बी. नंतरची धावपळ वाचते.”

“सगळे देवोत. मी नवरासुद्धा पडद्याआडून तीनदा पाहिला, मग हो म्हटलं. आणि खजूर न बघता घेऊ?”

मला हसू आलं. चांगलं मोठ्याने. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. का, कोण जाणे.

हुस्ना सही न घेताच गेली. बी रिझिकीने मला नारळाच्या रश्श्यातला मासा वाढला. नको म्हटलं तर म्हणाली, “मुलाखत हवी ना? मग जेवा. उपाशी माणसाला मी माहिती देत नाही.” व्यापाऱ्यांच्या या अटी माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हत्या.

५ मार्च

रमजानच्या आधीची गर्दी. बंदराबाहेर जहाजांची रांग लागली आहे. त्वालिब मला संध्याकाळी समुद्राकाठच्या मामा न्गिना रस्त्यावर घेऊन गेला. गोरखचिंचेखाली बसून तिखट-लिंबू लावलेले कसाव्याचे काप खात आम्ही जहाजं बघितली. क्षितिजावर, नुसती उभी. त्यांतलं एक बी रिझिकीचं.

“दोष कोणाचा?” मी विचारलं.

“सगळ्यांनाच रमजान एकाच दिवशी सुरू होतो, म्वालिमू. दोष चंद्राचा.”

हे अहवालात घालता येणार नाही. वहीत घालतो.

व्याजावर माल आणणाऱ्या एका सिमेंटवाल्याशी बोललो. रोज सकाळी उठल्यावर त्याला पहिलं व्याज आठवतं, मग देव. बी रिझिकी शांत आहे. माझं म्हणणं खरं ठरणार असं दिसतंय.

१२ मार्च

पहिला रोजा.

सहेरीला, पहाटेच्या खाण्याला, मला झुवेना उठवायची. गजर लावून मला कधीच जाग आलेली नाही, त्यामुळे यंदा रोजे चुकणार ही धास्ती होती. पहाटे फोन वाजला. त्वालिब. “म्वालिमू, जहाज अजून हललं नाही.”

“हे सांगायला या वेळी फोन केलास?”

“संशोधनाला वेळ-काळ नसतो, तुम्हीच म्हणालात.”

मी असं म्हणालो होतो? पण उठलो तर होतोच. दूध प्यायलो, काल कोणीतरी दाराशी ठेवून गेलेला केळं-भात खाल्ला. रोजा धरला.

इफ्तार बी रिझिकीकडे. तिने एक खजूर माझ्या हातावर ठेवला. तो तिचा नव्हता. शेजारच्या व्यापाऱ्याकडून, म्हणजे तिच्या वैऱ्याकडून घेतलेला. हा माणूस एरवी तिच्याशी बोलत नाही. यंदा तिची वखार रिकामी बघून त्याने स्वतःहून पोती पाठवली आणि निरोप दिला : विकून टाक, तुझा माल आला की तेवढाच परत दे, आणि आभार मानायला येऊ नकोस, मला सवय नाही.

झुवेनाची जागा माझ्या डाव्या हाताला असायची. तिथे आज बी रिझिकीची नात बसली होती. सबंध जेवणभर माझ्या ताटातली भजी पळवत होती. बरं वाटलं.

१७ मार्च

मुलाखती जोरात चालल्या आहेत. यादीतल्या प्रत्येक व्यापाऱ्याची एकच अट, मुलाखत मगरीबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर, घरी. म्हणजे इफ्तार आलीच. प्रतिसाद शंभर टक्के. उमेदीच्या काळात हेच लोक मला दुकानाच्या पायरीवरून हाकलायचे.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. एकाच संध्याकाळी दोन घरांची बोलावणी कधी येत नाहीत, आणि एकही संध्याकाळ मोकळी जात नाही. आकडेशास्त्र याला योगायोग म्हणायला तयार होणार नाही. रमजानची बरकत म्हणायची, दुसरं काय.

आजच्या यजमानाला विचारलं की त्याचा माल साधारण किती उशिरा सुटतो. तो बायकोकडे बघायला लागला. मग कळलं, त्याने आयुष्यात कधी बाहेरून माल मागवलेलाच नाही, त्याचं चपलांचं दुकान आहे आणि चपला इथेच शिवतो. यादीत त्याचं नाव कसं आलं ते हुस्नाला विचारायला हवं. त्याचं उत्तर धरता येणार नाही. बिर्याणी उत्तम होती.

झोप नीट लागते हल्ली.

१९ मार्च

वाईट दिवस.

जहाज धक्क्याला लागलं, कंटेनर उतरला, जागा नसल्याने एका खासगी यार्डात नेऊन ठेवला. तिथे वीज गेली. थंड कंटेनर बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आज तपासणीसाठी दार उघडलं तेव्हा मी, त्वालिब आणि बी रिझिकी समोर उभे होतो.

आधी वास आला. आंबूस, गोड. दाराकडची खोकी ओली होऊन बसली होती. बी रिझिकीने एक खोकं फोडलं, खजूर बोटाने दाबला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. शिव्या देईल असं वाटलं होतं. रुमालाने बोट पुसलं, पुसतच राहिली.

त्वालिबने आत शिरून मागची खोकी काढली. मागचा अर्धा माल बरा निघाला. थंडी तिकडे टिकली असावी.

यार्डाचा माणूस म्हणाला, “वीज काय माझ्या काकाची आहे?” त्वालिबने त्याला त्याच्या काकांसकट जे ऐकवलं ते रोजा असताना ऐकवायला नको होतं.

२१ मार्च

बँकेच्या मॅनेजरने बोलावलं होतं. खोली थंडगार, माणूस गोड. बी रिझिकीने पोच दिली नाही यावर तो नाराज आहे. आता तरी तिने जहाज निघाल्याच्या तारखेची सही करावी, म्हणजे माल तेव्हापासून तिचा, नासलेला खजूर तिचा, आणि ठरलेली पूर्ण किंमत तिने भरायची. नाही केली तर तिला पुढे बँकेचं दार बंद.

“तुमच्या अहवालात एक वाक्य हवं,” तो म्हणाला. “आधी पोच घेण्याची पद्धत गिऱ्हाइकांना मान्य आहे, एवढंच. खोटं नाहीये ते. आजवर कोणी तक्रार केलीय?”

केलेली नाही. बी रिझिकी सोडून पस्तीस जणांची कागदपत्रं मी पाहिलीत. सगळ्यांनी सही केली, एकानेही कुरकुर केली नाही. वाक्य शब्दशः खरं आहे.

निघताना तो दाराशी म्हणाला, “हुस्ना हुशार आहे. पुढच्या महिन्यात तिला या विभागाची प्रमुख करायचा विचार आहे. या भानगडीत तिचं नाव अडकायला नको. पोच घेणं तिचं काम होतं.”

घरी आलो तो दाराशी डबा. कोणाचा ते कळत नाही, झाकणावर नाव नाही. इफ्तार झाल्यावर तसाच बसून राहिलो.

२३ मार्च

आकडे मांडून झाले. खरं ते लिहितो.

माझं म्हणणं चुकलं. उशिराने आमच्या बँकेचा व्यापारी व्याजवाल्यापेक्षा कमी बुडतो असं दिसत नाही. व्याज वाढत नाही हे खरं, रात्रीची झोप लागते हेही खरं. पण माल भिजला, नासला, हरवला की तो त्याच्याच अंगावर. कारण जहाज निघाल्या दिवशीच त्याने माल मिळाला म्हणून सही केलेली असते. बँक मालाची मालक होते ती कागदावर, घटकाभर. आणि नफा मात्र मालकाचा घेते. इतकी वर्षं वर्गात मी जे शिकवलं ते पुस्तकात होतं. गोदीत नव्हतं.

हे लिहावं तर हुस्नाची बढती जाणार. न लिहावं तर बी रिझिकी बुडणार. दोघींचं मीठ खाल्लंय, अक्षरशः. दोन दिवस नमाजात मन लागत नाही.

शेवटी हुस्नालाच विचारलं. ती ओट्यापाशी बसून माझ्यासाठी आणलेली सांबुसं, म्हणजे इथले समोसे, ताटात मांडत होती.

“तू सांग. ते एक वाक्य लिहू?”

“तुम्ही मला दुसऱ्या वर्षाला नापास केलं होतं, आठवतं?”

“हो.”

“माझे वडील तुमच्याकडे आले होते, माझे मार्क वाढवा म्हणून. झुवेनाकाकूंनी त्यांना कॉफी दिली, हलवा दिला. तुम्ही दारापर्यंत सोडायला आलात. मार्क मात्र वाढवले नाहीत.”

“मग?”

“मग आता कशाला वाढवताय?”

ती उठली, पातेली घासायला लागली. नको म्हटलं तर ऐकलं नाही.

देवा, अशी विद्यार्थिनी ज्याला मिळते त्याने आणखी काय मागायचं?

२८ मार्च

बँकेच्या धर्मसल्लागार मंडळापुढे आज प्रकरण आलं. प्रमुख शेख नब्हानी, ऐंशीच्या पुढचे, कानाने अधू. मी, मॅनेजर, हुस्ना, बी रिझिकी. त्वालिबला बोलावलं नव्हतं, तरी तो दाराशी होता.

मॅनेजरने सुरुवात केली, “शेखसाहेब, ही नेहमीची पद्धत आहे.”

“काय?” शेखांनी कानामागे हात धरला.

“नेहमीची पद्धत!”

“कसली?”

“पोच आधी घेण्याची!”

“मोठ्याने बोल, बेटा. वय झालं.”

“माल आमच्या हातात यायच्या आधीच आम्ही तो विकलेला धरतो!” मॅनेजर ओरडला. काचेपलीकडे काउंटरवरचा गलका एकदम थांबला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“आता ऐकू आलं,” शेख म्हणाले. “तुलाही आलं ना?”

मग माझ्याकडे वळले. मी जाडजूड अहवाल पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

“एवढंच सांग. यार्डात वीज गेली तेव्हा खजूर कोणाचा होता?”

मी हुस्नाकडे पाहिलं. ती मान खाली घालून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“बँकेचा,” मी म्हटलं. “बी रिझिकीने तो पाहिलाही नव्हता. शेखसाहेब, व्याजवाली बँक पैशाचं भाडं घेते, तिला मालाचं सोयरसुतक नसतं. आपण नफा घेतो तो मालाची जोखीम घेतो म्हणून. ती जोखीमच गिऱ्हाइकावर ढकलली तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक उरतो तो पाटीचा.”

माझा आवाज कापत होता. वर्गात कधी कापला नव्हता.

मॅनेजर म्हणाला, “आणि या बाईंनी खजूर घेण्याचा शब्द दिला होता त्याचं काय? रमजान सरत आला, भाव पडले, म्हणून आता माघार घेणार?”

बी रिझिकी उठून उभी राहिली. “कोण घेतंय माघार? मागची खोकी चांगली आहेत. ती मी घेते, ठरल्या भावाने. आज बाजारात भाव पडलाय, तरी ठरल्या भावाने. शब्द दिला तो दिला. पण नासलेला खजूर मी मागितला नव्हता, आणि तो माझा होताही नाही.”

शेखांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोपले. मग म्हणाले, “या बाईला धंदा कळतो आणि धर्मही कळतो. नासलेला माल बँकेचा. यार्डाशी भांडायचं ते बँकेने भांडावं. आणि यापुढे पोच माल पाहिल्यावर.”

जिना उतरताना मी त्वालिबच्या कानात पुटपुटलो की मला आज जेवण जाणार नाही. मागून, बऱ्याच अंतरावरून, शेख म्हणाले, “जाईल, जाईल. मगरीब होऊ दे.”

३ एप्रिल

पुढचं लिहायचं राहिलं होतं.

बँकेने नासलेल्या मालाचा तोटा उचलला. पोच आता यार्डात, कंटेनर उघडून, माल बघून. आणि बँकेने सगळ्या नव्या व्यवहारांत आपला नफा थोडा वाढवला. याला नावं ठेवता येणार नाहीत. जोखीम खरोखर घ्यायची तर तिची किंमत लागणारच. सिमेंटवाला आता व्याज सोडून या बँकेकडे यायचं म्हणतोय. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “वाढू दे. निदान माल बुडाला तर मी एकटा बुडणार नाही.”

माझा अहवाल छापणार नाहीत असं कळलं. हरकत नाही.

हुस्नाची बढती गेली. तिला मालिंदीच्या शाखेत पाठवतायत, ईदनंतर. मी तिला फोन केला. काय बोलायचं ते ठरवून केला होता, पण तिने बोलूच दिलं नाही. तीच म्हणाली, “समुद्र तिकडे जास्त निळा आहे, म्वालिमू. शुक्रवारी संध्याकाळी बसने निघाले की रात्रीच्या जेवणाला मोंबासात. तुमच्याकडेच येईन.”

“माझ्याकडे जेवायला काय असणार?”

“शिका काहीतरी. अजून वय आहे.”

बी रिझिकीने चांगल्या खजुराची खोकी मशिदीत पाठवली. म्हणाली, भाव पडलेलाच आहे, मग पुण्य तरी चढ्या भावाने घेऊ. वैऱ्याला त्याची पोती परत केली आणि वर एक खोकं दिलं. आभार मानायला गेली नाही.

१० एप्रिल

ईद. नमाजानंतर कबरस्तानात गेलो. झुवेनाला सगळं सांगितलं, गोदी, खजूर, शेख. नेहमीप्रमाणे मीच बोललो. पण आज तिच्यापाशी बसताना घाई नव्हती की पळून जावंसंही वाटलं नाही. उठताना गुडघे दुखले तर कोपराला धरून कोणीतरी उठवलं. त्वालिब. तो त्याच्या वडिलांच्या कबरीपाशी आला होता म्हणे. त्याच्या वडिलांची कबर या कबरस्तानात आहे हे मला माहीत नव्हतं.

यासीरने मस्कतहून फोन करून मी बिर्याणी कोणाकडे खाल्ली ते विचारलं. तीन घरी, असं सांगितलं. तो हसला. “बाबा, आवाज चांगला वाटतोय तुमचा,” म्हणाला.

११ एप्रिल

संध्याकाळी बी रिझिकीकडे निघालो. बोलावणं नव्हतं. रोजे संपले, मुलाखती संपल्या, पाय मात्र सवयीने तिकडे वळले. जिन्याच्या मधल्या वळणावर दम घ्यायला थांबलो. वर दार उघडं होतं.

बी रिझिकीचा आवाज आला, “रमजान होता म्हणून निभावलं. पाळ्या लावल्या, घरं वाटून घेतली. आता निमित्त काय सांगायचं? तो मानी माणूस आहे. दया दाखवताय असं वाटलं तर दार लावून बसेल.”

“त्या चपलावाल्याने तर सगळं उघडच पाडलं होतं,” हा त्वालिब. “मी सांगितलं होतं त्याला, जहाजाचं काहीतरी नाव पाठ करून ठेव म्हणून.”

मग हुस्ना. “यासीर विचारत होता, बाबांना मस्कतला घेऊन जाऊ का. मी त्याला म्हटलं, थांब. त्यांना काम दे असं तू म्हणालास, मी मॅनेजरच्या मागे लागून दिलं. काम खरं निघालं, आपल्या सगळ्यांपेक्षा मोठं निघालं. त्यांना इथून हलवू नकोस.”

“मग निर्यात,” त्वालिब म्हणाला. “आयातीचा अभ्यास झाला, आता निर्यातीचा. चहा, कॉफी, आंबे. निर्यातीचा माल काय कमी अडकतो?”

“आणि निर्यातवाले जेवायला कधी बोलावतील?”

“शुक्रवारी. हुस्ना येईल तेव्हा. बाकीचे दिवस मी बघतो. विम्याचा नियम आहेच.”

कठड्याला धरून उभा राहिलो. आधी कान तापले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला, एका अख्ख्या गल्लीने मुलासारखं भरवलं आणि त्याला ते कळू दिलं नाही. विम्याचा नियम मी खरंच लिहून घेतला होता. पहाटेचे फोन, दाराशी ठेवलेले डबे, कबरस्तानात कोपराला लागलेला हात. एकेक आठवत गेलं, आणि लाज कधी उतरली ते कळलं नाही. तिच्या जागी जे भरलं ते जिन्यावर मावेना. वर झुवेनाच्या मैत्रिणीचं घर, आणि माझ्यावर चाललेली भांडणं. माझी पाळी कोणाची, यावर भांडणं!

परत फिरावं असं क्षणभर वाटलं. मग चार पायऱ्या हळूच खाली उतरलो, मोठ्याने खोकलो आणि पाय आपटत वर गेलो.

हुस्ना उशीचा अभ्रा सरळ करायला लागली.

“म्वालिमू!” त्वालिब म्हणाला. “बरं झालं आलात. आम्ही बोलतच होतो. निर्यातीचं काय करायचं? कोणी अभ्यासच केलेला नाही.”

“खरंय,” मी म्हटलं. “फार मोठं काम आहे. घाई करून चालायचं नाही.”

“किती वेळ लागेल?” बी रिझिकीने विचारलं. तिने माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही.

“वर्षं लागतील. घरोघरी जावं लागेल.”

“मग बसा,” ती म्हणाली आणि आत जाऊन ताट घेऊन आली.

मी बसलो. खिशातून पेन काढलं, कागद मांडीवर पसरला आणि पहिला प्रश्न विचारला.